नोंदताईची फुकटची भाषा

नोंदताई घाबरलेली मी वीस वर्षांत एकदाच पाहिली, आणि तीही उंदराला. साहेबलोकांच्या बाबतीत तिचं उलट होतं. साहेब जितका मोठा, तितकी ती सावकाश आणि स्पष्ट बोलायची, जणू समोरच्याला कमी ऐकू येतंय.

आमची कंपनी लिफ्ट बसवायची आणि बसवलेल्या लिफ्टची देखभाल करायची. शहरभर मिळून पाचशेच्या आसपास लिफ्ट आमच्याकडे होत्या. मी पत्रव्यवहार सांभाळायचो आणि माझ्या टेबलाला टेबल लावून ती बसायची. मेकॅनिक लिफ्ट बघून आला की एक चिठ्ठी लिहायचा. लिफ्टचा नंबर, तारीख, तक्रार काय, कुठला भाग बदलला, आणि खाली एकदोन ओळींचा शेरा. ती चिठ्ठी कॉम्प्युटरवर कंपनीच्या डेटाबेसमध्ये चढवायची, हे तिचं काम. म्हणूनच ती नोंदताई. मेकॅनिकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण तिला ते घडाघड वाचता यायचं. तिचा नवरा आमच्याच कंपनीत मेकॅनिक होता. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तो लवकर घरी बसला होता.

चिठ्ठी चढवली की तिचं काम संपलं, असं कंपनीचं म्हणणं. तिला ते पटत नव्हतं. "एवढं सगळं आपण आत घालतो," ती मला म्हणायची, "पण विचारायला गेलं तर बाहेर काय येतं?"

बाहेर यायचे अकरा रिपोर्ट. कंपनीनं विकत घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये तेवढेच होते, आणि सगळे इमारतीप्रमाणे. अमुक इमारतीत या महिन्यात किती तक्रारी, किती मिटल्या, बस. बारावा रिपोर्ट हवा असेल तर छापील अर्ज भरायचा, तो बाहेरच्या प्रोग्रॅमवाल्या कंपनीकडे जायचा. एकदा तिनं अर्ज भरला. कुठल्या बनावटीचं दार जास्त वेळा अडकतं, एवढंच तिला हवं होतं. सात आठवड्यांनी अर्ज परत आला. त्यावर दोन शब्द होते: माहिती अपुरी.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर सार्वजनिक ग्रंथालयातलं एक विटेएवढं पुस्तक आलं. पर्ल नावाची एक प्रोग्रॅमिंगची भाषा होती, तिचं ते पुस्तक. भाषा फुकट. कोणीही उतरवून घ्यावी, कोणीही वापरावी, चूक सापडली तर दुरुस्त करून जगाला परत द्यावी.

"फुकट ते पौष्टिक," मी म्हणालो.

"पौष्टिक आहे का ते खाल्ल्यावर कळेल," ती म्हणाली.

तेव्हा तिचं वय सत्तेचाळीस होतं. शिक्षण बारावी आणि टायपिंग. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आणि ऑफिस सुटल्यावर एक तास ती त्या पुस्तकाशी झटायची. पुस्तक तिनं अकरा वेळा नव्यानं नोंदवून घेतलं. शेवटी ग्रंथपालानं सांगितलं, बाई, तुम्ही परत आणूच नका, दुसरं कोणी मागायला आलं तर कळवतो. कोणी मागायला आलं नाही. तिचा पहिला नऊ ओळींचा प्रोग्रॅम चालायला तीन आठवडे लागले, आणि त्यातून छापून आली ती फक्त एक तारीख, तीही चुकीची. तिनं तो कागद फाडला नाही. "पहिली पोळी अशीच होते," म्हणाली आणि परत बसली.

तेव्हाचे कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख साधे गृहस्थ होते. तिनं त्यांच्याकडे डेटाबेसमध्ये शिरायची परवानगी मागितली. त्यांनी तिला एक पासवर्ड दिला. त्यानं सगळं वाचता येत होतं, पण एक अक्षरही बदलता येत नव्हतं. "मला बदलायचं नाहीच," ती म्हणाली, "मला फक्त बघायचंय." दोन वर्षांत तिनं दहाबारा छोटे प्रोग्रॅम लिहिले. कुठलं दार अडकतं ते शोधलं. कुठला मेकॅनिक तपासणी न करताच चिठ्ठी लिहितो तेही शोधलं, आणि त्याला बाजूला घेऊन असं झापलं की तो पुढे तिचा भक्त झाला.

मग ते प्रमुख निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. त्यांनी आल्या आल्या प्रिंटरच्या खोलीलासुद्धा कुलूप लावलं, म्हणून आम्ही त्यांना कुलूपसाहेब म्हणू लागलो. माणूस वाईट नव्हता. आधीच्या नोकरीत कोणीतरी हौशीनं लिहिलेल्या प्रोग्रॅमनं गिऱ्हाइकांची सगळी माहिती पुसून टाकली होती आणि खापर यांच्या डोक्यावर फुटलं होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण हे ताकाचं भांडंच फडताळात ठेवून किल्ली खिशात घालणारे. त्यांनी एक यादी लावली: कंपनीत चालतील असे सहा प्रोग्रॅम. सहाही विकतचे. नोंदताईनं यादी वाचली आणि आपलं काम चालू ठेवलं.

खरी गोष्ट सुरू झाली ती एका चिठ्ठीपासून. शेरा होता, "लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबते. ॲडजस्ट केली." त्यात नवल काही नव्हतं. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या एका इमारतीतून तसाच शेरा आला, आणि तिला वाटलं की असं आपण आधीही कुठेतरी वाचलंय.

विकतच्या प्रोग्रॅममध्ये शेऱ्यात शोधायची सोय नव्हती. असती तरी उपयोग नव्हता, कारण दहा मेकॅनिक दहा तऱ्हांनी लिहितात. कोणी "खाली", कोणी "खालि", कोणी "खालती". कोणी "दोन बोटं", कोणी "२ बोटे", कोणी "दीड इंच". पर्ल भाषेची खासियत नेमकी इथे होती. तिला असं सांगता यायचं, की "खाल" या अक्षरांनी सुरू होणारा कुठलाही शब्द शोध, आणि त्याच्या आसपास बोट, इंच किंवा मजला असं काही दिसलं की ती चिठ्ठी बाजूला काढ. नोंदताईनं ते लिहिलं. नऊ लिफ्ट निघाल्या. नऊ वेगवेगळ्या इमारती, नऊ महिन्यांचा काळ.

तो शनिवार होता. घरी जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, लिफ्ट मजल्याच्या खाली कधी बसते?"

"ब्रेकला आतून चिकटवलेलं लायनिंग गेलं की," तो म्हणाला. "थांबवलेली लिफ्ट धरून ठेवतो तो ब्रेक. पण खालीच बसते असं नाही. भरलेली असली तर खाली बसते. रिकामी असली तर वर सरकते, कारण तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन जड होतं."

ताई ताटावर हात तसाच धरून बसली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, भात निवतोय. लिफ्ट काय, उद्याही वरखाली करेल."

"तेच करायला नकोय ना," ताई म्हणाली.

सोमवारी सकाळी आल्या आल्या तिनं "वर" हा शब्द शोधात घातला. नऊच्या तेवीस लिफ्ट झाल्या. मग तिनं त्या तेविसांना कुठले भाग, कुठल्या गठ्ठ्यातले, कधी बसवले ते काढलं. तेविसांच्या तेविसांत ब्रेकचं लायनिंग एकाच गठ्ठ्यातलं होतं. त्या गठ्ठ्यातलं लायनिंग एकूण एकसष्ट लिफ्टमध्ये बसलं होतं. बाकीच्या चारशेंत अशी तक्रार एकही नव्हती. इमारतीप्रमाणे रिपोर्ट काढणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. प्रत्येक इमारतीत फक्त एखाददुसरी तक्रार, आणि तीही मिटलेली.

तिनं मला कागद दाखवला. मी म्हणालो, "ताई, हे लगेच वर न्यायला पाहिजे." ती आधीच उठली होती. पण कंपनीचे मोठे साहेब सोमवारी बाहेरगावी होते. भेट मिळाली ती मंगळवारी दुपारी.

मोठ्या साहेबांनी कुलूपसाहेबांनाही बोलावून घेतलं. पत्र लिहावं लागलं तर म्हणून मीही होतो. कुलूपसाहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हा रिपोर्ट कुठल्या प्रोग्रॅममधून काढला?"

"माझ्या."

"म्हणजे त्या फुकटच्या भाषेतल्या."

"हो. लिफ्ट मात्र विकतच्या आहेत," ताई म्हणाली. "त्यांच्याबद्दल बोलू या का?"

"ताई, मुद्दा समजून घ्या. फुकटच्या गोष्टीची जबाबदारी कोण घेणार? उद्या हे आकडे चुकीचे निघाले तर आपण कोणाला धरायचं?"

"मला धरा. मी घेते जबाबदारी. लिहून देऊ?"

"असं नसतं. विकतच्या प्रोग्रॅममागे एक कंपनी उभी असते."

"उभी असते खरी," ती म्हणाली. "मला सात आठवडे उभं करून ठेवलं होतं तिनं."

मोठे साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, अधिकृत रिपोर्ट मागवू, त्यात दिसलं तर पुढे बघू. एकसष्ट लिफ्ट एका कारकुनाच्या कागदावरून बंद केल्या तर गिऱ्हाइकं काय म्हणतील? बाहेर आल्यावर कुलूपसाहेबांनी तिला सांगितलं की पासवर्ड बंद होईल आणि संध्याकाळच्या आत तो प्रोग्रॅम पुसून टाका.

"लेखी द्या."

त्यांनी लेखी दिलं. तिनं वाचलं आणि कागद परत त्यांच्यापुढे सरकवला. "यात कारण लिहिलेलं नाही. 'तेवीस लिफ्टची यादी काढल्यामुळे' एवढं वर घाला, मग पुसते."

ते त्यांनी घातलं नाही आणि तिनं पुसलं नाही. पाच वाजता शिपाई येऊन तिचा कॉम्प्युटरच उचलून घेऊन गेला. बिचारा जाताना "ताई, माफ करा" म्हणाला. ती म्हणाली, "वायर नीट धर, पायात येईल." छापलेली यादी आणि छापलेला प्रोग्रॅम मात्र तिच्या पिशवीत होते.

मी म्हणालो, "ताई, नोकरी जाईल तुमची."

"जाईल तर जाईल. त्या तेविसांपैकी एखाद्या लिफ्टनं तू रोज जातोस का? नाही ना? पण कोणीतरी जातंच की."

बुधवारी सकाळी आठला मेकॅनिक हजेरीला जमतात. तिथे तिचं काही काम नसायचं. त्या दिवशी ती साडेसातलाच जाऊन उभी राहिली. सगळ्यांत जुना मेकॅनिक, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, त्याच्या हातात तिनं यादी दिली आणि काय झालंय ते चार वाक्यांत सांगितलं.

"साहेबांचा हुकूम आहे?" उस्तादानं विचारलं.

"नाही. उलट आहे. पण मला सांगा, तुमच्या देखभालीच्या तक्त्यात पहिली ओळ काय असते?"

"ब्रेक तपासणे."

"तो कोणाचा हुकूम?"

उस्तादानं यादी घडी करून खिशात घातली आणि इतरांकडे वळून म्हणाला, "आज पहिली ओळ पहिल्यांदा करायची. झाकण उघडून. लांबून नाही."

सकाळच्या वेळात त्यांनी पाच लिफ्ट उघडल्या. डोळ्यांच्या दवाखान्यातली लिफ्ट यादीत नववी होती. तिथे पोचायच्या आधीच, बाराच्या सुमाराला, ती दुसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि माणसं बाहेर पडत असताना कमरेइतकी खाली बसली. एक नर्स उंबऱ्यावर पाय ठेवत होती. ती पडली आणि तिचं मनगट मोडलं. उस्ताद दोन गल्ल्या पलीकडेच होता. त्यानं वर जाऊन ब्रेक उघडला तर लायनिंग, जुन्या चपलेचा तळ सुटावा तसं, अख्खं त्याच्या हातात आलं. डिंकच सुटलेला.

तीन वाजता उस्ताद ग्रीस लागलेल्या कपड्यांनिशी थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. त्यानं त्यांच्या टेबलावरच्या कागदांवर सहा लायनिंग ओळीनं मांडली. सगळी सुटलेली.

"ही सगळी त्या यादीतली?" साहेबांनी विचारलं.

"त्या यादीतलीच. सतरा अजून बघायची आहेत. आणि ज्यांची तक्रारच आली नाही, त्या अडतीस वेगळ्या."

साहेबांनी फोन उचलला. एकसष्टच्या एकसष्ट लिफ्ट त्या संध्याकाळी बंद झाल्या. तपासून झाल्या तेव्हा चव्वेचाळिसांचं लायनिंग सुटत आलेलं निघालं.

दुसऱ्या दिवशी ताई त्या नर्सला भेटायला गेली. कंपनीनं कोणी काही बोलू नये असं बजावलं होतं. मी सोबत होतो. ताईनं तिला सरळ सांगितलं, "आम्हाला सोमवारी कळलं होतं." नर्सनं प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "मग बुधवारपर्यंत काय करत होतात?"

परत येताना ताई म्हणाली, "मंगळवारी मी भेटीची वेळ मिळायची वाट बघत बसले. दार ढकलून आत जायला पाहिजे होतं." मी म्हणालो की तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत. ती म्हणाली, "नाही केलं. अर्धा दिवस कमी पडला."

त्यानंतरची चौकशी तिनं रागातच झेलली, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवर होता असं मला वाटतं. चौकशीच्या समितीत मोठे साहेब आणि कुलूपसाहेब होते. समितीनं आधी तिचं कौतुक केलं, एक वाक्य. मग तिच्यापुढे एक कागद ठेवला. "अनधिकृत साधन वापरल्याबद्दल मी दिलगीर आहे आणि असं पुन्हा करणार नाही." खाली सहीची जागा.

तिनं पिशवीतून आपला प्रोग्रॅम काढला. छापलेल्या एक्केचाळीस ओळी. "मी हा वाचून दाखवते," म्हणाली. "यातली कुठली ओळ धोक्याची आहे ते थांबवून सांगा. त्या ओळीबद्दल मी दिलगिरी लिहून देईन."

आणि तिनं खरंच वाचला. पहिल्या ओळीपासून, प्रत्येक ओळ काय करते ते सांगत. इथे डेटाबेसला जोडणी. इथे फक्त वाचायची परवानगी. इथे शेरा, इथे "खाल", इथे "वर". मोठे साहेब आधी घड्याळ बघत होते. विसाव्या ओळीच्या पुढे ते कागदावर वाकून ऐकू लागले. कुलूपसाहेब एकदाही थांबवायला पुढे आले नाहीत. संपल्यावर मात्र ते म्हणाले, आणि शांतपणे म्हणाले, "ओळींत काही खोट नाही. पण तुम्ही उद्या इथे नसलात तर हे कोण वाचणार? माझी भीती ती आहे. आधीच्या कंपनीत तेच झालं होतं."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "हा प्रश्न बरोबर आहे," ती म्हणाली. "हा तुम्ही मंगळवारी विचारला असता तर मी मंगळवारीच उत्तर दिलं असतं. तिघांना शिकवते. प्रत्येक ओळीचा अर्थ आपल्या भाषेत लिहून देते. पण दिलगिरी लिहून देत नाही. मी चोरी केलेली नाही, काही मोडलेलं नाही. जे आपल्याच घरात ठेवलं होतं ते वाचलं."

तिनं सही केली नाही. त्या कागदावर "सही करण्यास नकार" असा शेरा मारून तो तिच्या फाईलमध्ये लागला. त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं. तिला तिचा कॉम्प्युटर परत मिळाला, पासवर्ड परत मिळाला, आणि महिन्याभरानं कुलूपसाहेबांच्या यादीत, छापलेल्या सहा ओळींच्या खाली, पेनानं लिहिलेली सातवी ओळ आली: पर्ल. अक्षर त्यांचंच होतं.

तिनं शिकवलं त्या तिघांत मी एक. दुसरा उस्ताद, ज्याला माऊस धरायची सवय नव्हती आणि जो तो पाना धरल्यासारखा धरायचा. तिसरे कुलूपसाहेब. ते जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायचे आणि ओळीओळीला शंका काढायचे. ती त्यांच्यावर जशी चिडायची, तशी उस्तादावर कधी चिडली नाही. पण त्यांच्या शंकांमुळे प्रोग्रॅममधल्या दोन खऱ्या चुका सापडल्या, आणि त्या तिनं त्यांच्यासमोर मान्य केल्या.

ती निवृत्त झाली त्या दिवशी कर्मचारी विभागाच्या बाईंनी तिची फाईल उघडली. त्या नव्या होत्या, भल्या होत्या. "ताई, हा एक नकाराचा कागद आहे. शेवटच्या दिवशी काढून टाकू का? साहेब नाही म्हणणार नाहीत."

"राहू दे," ताई म्हणाली.

"पण वाईट दिसतं ना ते."

"दिसू दे. बाकी फाईलमध्ये मी फक्त कामावर येत होते एवढंच आहे."

तिनं निवृत्तीच्या कागदांवर जिथे जिथे बाईंनी खुणा केल्या होत्या तिथे तिथे सह्या केल्या, प्रत्येक कागद आधी पूर्ण वाचून. बाईंचा त्यात तासभर गेला.